'द क्राफ्ट' नीट बघायचा असेल तर

१९९६ चा 'द क्राफ्ट' बघायला बसणार असाल तर आधी एक करा, हा भुताचा सिनेमा आहे असं डोक्यात धरून बसू नका. दचकायला लावणारे सीन आहेत, पण पहिल्या तासाभरात फार नाहीत, त्यामुळे बरेच जण मध्येच मोबाईल हातात घेतात, मग शेवटची साप-किड्यांची गडबड तेवढी बघतात आणि म्हणतात ठीक होता. अहो ठीक काय, फार चांगला सिनेमा आहे, फक्त लक्ष कुठे ठेवायचं ते माहीत पाहिजे. माझ्या मते या सिनेमाची सगळी भीती त्या चार मुली काय मागतात त्यात आहे, जादू ही नुसती ते मिळवायची वाट आहे. मागणी नीट ऐकलीत की पुढचं सगळं आपोआप अंगावर येतं.

गोष्ट अगदी थोडक्यात. सारा नावाची मुलगी वडील आणि सावत्र आईसोबत लॉस एंजेलिसला राहायला येते, तिथल्या कॅथलिक शाळेत तिला तीन मुली भेटतात, नॅन्सी, बॉनी आणि रोशेल, ज्यांच्याशी बाकी शाळा फारशी बोलत नाही. तिघी जादूटोणा करून बघत असतात पण काही जमत नसतं कारण चार दिशांना चार जणी लागतात आणि चौथी नसते. मग फ्रेंचच्या तासाला सारा बाकावर पेन्सिल उभी करून हात न लावता फिरवते आणि बॉनी ते बघते. एवढं माहीत असलं तरी पुरे. दिग्दर्शक अँड्र्यू फ्लेमिंग, सारा म्हणजे रॉबिन टनी, नॅन्सी फेरूझा बाल्क, बॉनी नेव्ह कॅम्पबेल आणि रोशेल रेचल ट्रू.

बसण्याआधी एक गोष्ट गंभीरपणे सांगते. सिनेमात शाळकरी मुली आहेत म्हणून लहानांना घेऊन बसू नका, अमेरिकेत याला आर रेटिंग होतं म्हणजे सतराच्या खालच्या मुलांना थिएटरात मोठ्यांसोबतच जाता यायचं. साराने आधी जीव द्यायचा प्रयत्न केलेला आहे, तिच्या मनगटावरचे व्रण दिसतात आणि शेवटाकडे तो विषय पुन्हा फार त्रासदायक पद्धतीने येतो. एका सीनमध्ये मुलगा मुलीवर जबरदस्ती करायला बघतो, रोशेलला तिच्या रंगावरून शाळेत घाणेरडं ऐकावं लागतं, नॅन्सीच्या घरात दारू आणि मारहाण आहे. यातलं काही तुम्हाला किंवा सोबत बसणाऱ्याला जवळचं असेल तर आधीच बोलून घ्या, मध्येच थांबवायची वेळ आली तर थांबवा, त्यात काही गैर नाही.

आता खरी पद्धत. पहिल्यांदा बघताना चौघी बसने गावाबाहेर जातात तो भाग आला की सगळं बाजूला ठेवा. बसवाला त्यांना विचित्र लोकांपासून जपा म्हणतो आणि नॅन्सी त्याला जे उत्तर देते त्यासाठीच हा सीन लोकांच्या लक्षात आहे, पण महत्त्वाचं त्याच्या नंतर आहे. मोकळ्या जागेत गोल बसून चौघी बोटातलं थोडं थोडं रक्त वाइनच्या पेल्यात टाकतात आणि तो पेला फिरवत एकेक जण काय हवं ते बोलते. इथे प्रत्येकीचं वाक्य नीट ऐका, वाटल्यास पॉज करून लिहून ठेवा. रोशेल म्हणते की माझा द्वेष करणाऱ्यांचा द्वेष न करण्याची ताकद मला मिळू दे. बॉनीला आतून आहे तसं बाहेरूनही सुंदर व्हायचंय, तिच्या पाठीवर भाजल्याचे मोठे व्रण आहेत. सारा म्हणते मला स्वतःवर जास्त प्रेम करता येऊ दे आणि दुसऱ्यांनाही माझ्यावर करू देता येऊ दे, आणि मग हळूच ख्रिसचं नाव घेते, तोच ख्रिस ज्याने तिच्याबद्दल शाळाभर खोटी अफवा पसरवली. आणि नॅन्सी? नॅन्सीला सगळी शक्ती हवी आहे. त्यांच्या देवतेची, मॅननची, सगळीच्या सगळी.

बघा आता, तिघींच्या मागण्यांना काहीतरी हद्द आहे, चौथीच्या मागणीला नाही. पुढचा सगळा सिनेमा या एका फरकातून चालतो.

आणि यापुढे मी गोष्ट उघड करणार आहे, तेव्हा बघितला नसेल तर इथे थांबा, बघून या, मग पुढचं वाचा.

दुसऱ्यांदा बघताना तो कागद हातात ठेवा आणि प्रत्येक मागणीपुढे तिला खरंच काय मिळालं ते लिहा. रोशेलचं सगळ्यात बोलकं आहे. तिने मागितलं होतं द्वेष न करणं, पण मंत्र मात्र होतो तो तिला छळणाऱ्या लॉराचे केस गळण्याचा, म्हणजे मागितलं एक आणि हाताने केलं दुसरंच, आणि लॉरा केसांचे पुंजके हातात घेऊन रडत असते तेव्हा रोशेलच्या चेहऱ्याकडे बघा, तिथे आनंद नाहीये, तिला कळलंय आपण काय केलं ते. बॉनीचे व्रण जातात आणि तिचं वागणंही बदलतं, जी मुलगी स्वतःला कपड्यांत गुंडाळून फिरायची ती आता दुसऱ्यांकडे तुच्छतेने बघते. साराला ख्रिसचं प्रेम मिळतं पण ते प्रेम नसतंच, तो तिच्यामागे वेडा होतो, रात्री-अपरात्री येऊन उभा राहतो आणि शेवटी जबरदस्तीवर उतरतो. आधी त्याने वाईट वागायचंच ठरवलं होतं, मंत्राने त्याचा स्वतःवरचा ताबाही काढून घेतला. हा भाग मला प्रत्येक वेळी अस्वस्थ करतो, कारण सारा चांगली मुलगी आहे, तिचा हेतूही फार वाईट नव्हता, पण दुसऱ्या माणसाचं मन त्याला न विचारता वळवणं ही गोष्ट हेतूने स्वच्छ होत नाही.

जादूचं सामान विकणारी लिरिओ आहे ना दुकानात, तिचं बोलणं पहिल्या वेळी सहज निसटून जातं. जादू काळी-पांढरी नसते, निसर्गासारखी दोन्ही असते, आणि जे पाठवाल ते तिप्पट होऊन परत येतं असं ती सांगते. तिपटीचा हा नियम सिनेमावाल्यांनी रचलेला नाही, विक्का, म्हणजे निसर्गपूजा आणि जादू मानणारा आधुनिक पंथ, त्याच्या लोकांमध्ये तो खरंच आहे. शूटिंगच्या वेळी 'कव्हेनंट ऑफ द गॉडेस' या संस्थेच्या पॅट डेव्हिन सल्लागार होत्या, विधी, दिशांना बोलावणं वगैरे बऱ्यापैकी खरं वाटतं ते त्यामुळे. मॅनन मात्र मुद्दाम बनवलेलं नाव आहे, सिनेमा बघून पोरांनी खऱ्या देवतेला हाका मारत बसू नये म्हणून. म्हणजे बनवणाऱ्यांना पण माहीत होतं की मुली हे घरी करून बघणार.

नॅन्सीसाठी वेगळा वेळ काढा, जमलं तर एकदा फक्त तिच्याकडे बघत सिनेमा बघा. फेरूझा बाल्कने जे केलंय ते नुसतं डोळे मोठे करून ओरडणं नाहीये. आधी तिचं घर बघा, ती आई, तो सावत्र बाप. तो मरतो, विम्याचे पैसे येतात, मोठ्या इमारतीत नवं घर येतं, आता तरी ही मुलगी शांत होईल असं वाटतं, आणि नेमकं त्याच्यानंतरच तिला आणखी हवं वाटायला लागतं. समुद्रकिनाऱ्यावर वीज तिच्यावर पडते आणि सकाळी ती पाण्यावरून चालत येते, किनाऱ्यावर मेलेले जीव पडलेत आणि ती त्यांना भेट समजते, तिथे बाकी तिघींचे चेहरे बघा, मैत्री तुटते ती इथे, नंतरची भांडणं फक्त बोलून दाखवायची राहिलेली असतात. मग पार्टीत ख्रिसच्या समोर ती बुटांची टोकं जमिनीवर घासत पुढे सरकते. साधी युक्ती आहे, पण मला संपूर्ण सिनेमातला हा सगळ्यात भीतीदायक क्षण वाटतो, कारण ती उडतही नाही आणि चालतही नाही. आणि त्या सीनमध्ये ती चिडलेली आहे साराच्या बाजूने, हे विसरू नका! तिच्या क्रूरपणाच्या मुळाशी दुखावलेपण आहे आणि ते खोटं नाहीये.

बघायची सोय म्हणाल तर खोलीत अंधार आणि चांगला आवाज एवढं बघा. वारा, समुद्र, किड्यांची सळसळ यावर बरंच काम केलेलं आहे, मोबाईलच्या स्पीकरवर ते मरतं. कॉम्प्युटरवरचे इफेक्ट आता जुने दिसतात, केसांचा रंग बदलतो तो वगैरे, त्यावर अडकू नका, खरे साप आणि खरा समुद्र अजूनही काम करतात.

एक कमी आहे ती पण डोळे उघडे ठेवून बघा. सारा, नॅन्सी, बॉनी तिघींच्या घरच्यांशी आपली ओळख होते, रोशेलच्या घरच्यांबद्दल जवळपास काहीच कळत नाही. रेचल ट्रूने मिळालेल्या जागेत फार छान काम केलंय, म्हणूनच ते जास्त लागतं.

शेवटाबद्दल भांडण करायला तयार राहा, ग्रुपमध्ये बघितला तर होणारच. सारा वाचते कारण तिची शक्ती तिला तिच्या आईकडून आलेली आहे, उसनी घेतलेली नाही, आणि नॅन्सी हॉस्पिटलात पलंगाला बांधलेली. मला हा न्याय पटत नाही. जिला जन्मापासून काहीच मिळालं नाही तिने मागितलं म्हणून तिला एवढी शिक्षा, आणि जिला वारशात मिळालं ती शहाणी ठरली. तुम्हाला काय वाटतं ते सोबतच्यांना विचारा, उत्तरं वेगवेगळी येतात आणि त्यात मजा आहे.

२०२० मध्ये झोई लिस्टर-जोन्सने 'द क्राफ्ट: लेगसी' काढला. तो आधी बघायचा मोह झाला तरी बघू नका, त्याच्या अगदी शेवटी एक चेहरा दिसतो आणि १९९६ चा बघितला नसेल तर तो चेहरा कोणाचा आणि एवढा का महत्त्वाचा ते कळणारच नाही.