ऑपेरातून पडद्यावर येताना या चुका टाळा

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात जवळपास 3,800 माणसे बसतात आणि गायकापुढे माईक नसतो. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे म्हणून आवाजाबरोबर हात, मान, भुवया सगळेच मोठे होते. अंगात मुरलेली ही सवय क्लोज-अपमध्ये नडते.

यावरचा इलाज 1915 सालीच सापडला होता. मेट्रोपॉलिटनची लाडकी गायिका जेराल्डिन फरार मूकपटात ‘कारमेन’ साकारायला हॉलिवूडला आली. दिग्दर्शक सेसिल बी. डिमिलने तिला एकदम त्या भूमिकेत उतरवले नाही. आधी ‘मारिया रोझा’ चित्रित करून तिला कॅमेऱ्याची ओळख होऊ दिली, मग ‘कारमेन’ घेतला, आणि प्रदर्शित मात्र ‘कारमेन’ आधी केला. मला हे फार शहाणपणाचे वाटते. मोठी भूमिका चालून आली तरी आधी एखादा लघुपट करा आणि आपले काम आवाज बंद करून पाहा. कुठे जास्त होतेय ते लगेच दिसते.

नावावर विसंबू नका. नामवंत ऑपेरागायक कारुझोचा मूकपट ‘माय कझिन’ (1918) आपटला. तितक्याच नामवंत गायक पावारोत्तीच्या ‘येस, जॉर्जियो’त (1982) गाणी होती, तरी तोही चालला नाही. पटकथा नीट वाचा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो लिप-सिंकमध्ये, म्हणजे वाजणाऱ्या गाण्याशी ओठ जुळवण्यात. ऑपेरापटात गाणे बहुधा आधी ध्वनिमुद्रित होते. सेटवर ओठ बरोबर जुळतात, पण गळा आणि बरगड्या निवांत असतात, आणि बघणाऱ्याला काहीतरी खोटे खुपत राहते. म्हणून सेटवरही खरेच गा. आवाज हलका ठेवा, पण श्वास पुरता घ्या. हालचालींची तालीम ध्वनिमुद्रणाआधी झालेली बरी. नाहीतर जिना चढता चढता ओळ संपते आणि चार पायऱ्या उरतात.

टाळ्यांची वाटही पाहू नका. वन्समोअरवर वाढलेल्या कलावंताला सेटवरची शांतता जड जाते. संगीत नाटकाने घडवलेल्या बालगंधर्वांनी 1935 मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ साकारले, पुढे ते पुन्हा रंगभूमीकडेच वळले.

आणि गायलो नाही तर आपल्याला कोण ओळखणार, ही भीती सोडा. गायिका मारिया कॅलासने संगीतकार केरुबिनीची ‘मेडेआ’ ऑपेराच्या मंचावर गाजवली होती. 1969 साली दिग्दर्शक पासोलिनीच्या ‘मेडेआ’ चित्रपटात तीच भूमिका करताना ती एकही ओळ गात नाही. तिकीटबारीवर तो चित्रपट फारसा चालला नाही. तरीही एकदा पाहाच, विशेषतः ती नुसती उभी राहून बघते ते शॉट.