'वाळीत टाकलं' हे अर्जात कसं लिहावं

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीबाहेर मी अर्ज लिहून देतो. "आम्हाला वाळीत टाकलंय" म्हणत कुणी आलं, की मी आधी विचारतो, कुणी टाकलं?

वाळणे म्हणजे वगळणे, समाजाबाहेर काढणे. त्यामुळे या शब्दामागे अनेकांनी बसून ठरवलेलं काहीतरी लागतं. दोन भाऊ बोलत नसतील तर तो अबोला. बहिष्कार मालावर, मतदानावरही टाकतात. तडीपार सरकार करतं. वाळीत मात्र आपलीच माणसं टाकतात, आणि बहुधा सबंध घराला. ऑफिसात कुणी चहाला हाक मारली नाही म्हणून हा शब्द कृपा करून वापरू नका.

माझ्या आत्याच्या घराला गावकीने वाळीत टाकलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. शिमग्यात तिने अंगण सारवलं, रांगोळी घातली, ओटीचे तांदूळ नि नारळ सुपात घेऊन उंबऱ्याशी बसली. ढोल जवळ आला. पालखी शेजारच्या अंगणात नाचली आणि आमच्यासमोरून तशीच पुढे गेली. खांदेकऱ्यांनी माना वर केल्या नाहीत. सूप तिथेच राहिलं, तिन्हीसांजेला कोंबड्यांनी तांदूळ टिपले.

म्हणून 'वाळीत टाकले गेले' असं लिहू नका, त्यात टाकणारा निसटतो. 'वाळीत पडलो' तर नकोच, जणू आपलाच पाय घसरला. लिहा: अमुक तारखेला, अमुक देवळात बैठक झाली, हे हे हजर होते, आमच्याशी बोलणाऱ्याला इतका दंड ठरला. मग काय काय बंद झालं ते एकेक लिहा: दुकान, गिरणी, विहीर, लग्नाचं आवतण, मयताला खांदा.

विषयात 'सामाजिक बहिष्कार' हा कायद्यातला शब्द घाला. महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बैठकीत ठरावाच्या बाजूने मत देणाराही दोषी धरला जातो, म्हणून हजर असलेल्यांची नावं महत्त्वाची. तक्रार पोलीस ठाण्यात द्या. तिथे चालढकल झाली तर थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं.

खाली घरातल्या सगळ्या मोठ्यांच्या सह्या घ्या. म्हातारीचा अंगठाही घ्या, विहिरीवरून रिकामी कळशी घेऊन तीच परत आलेली असते.