नाडी मोजताना आकड्याबरोबर तालही पाहा

नाडी बघायला बोटं आणि सेकंदकाट्याचं घड्याळ एवढंच लागतं. चूक बहुतेक वेळा मोजायच्या आधीच होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असताना केळीच्या बागेतून आलेल्या माणसाचं मनगट लगेच धरलं, तर ११०-१२० ठोके सहज भरतात. त्याला सावलीत बसवा, पाणी द्या, दहा मिनिटांनी मोजा. चहा, तंबाखू किंवा भरपेट भरीत-भाकरी झाली असेल तर अर्धा तास जाऊ द्या.

तळहात वर करा. अंगठ्याच्या रेषेत मनगटावर जे हाड लागतं, त्याच्या आतल्या बाजूच्या खोलगट जागी तर्जनी आणि मधलं बोट ठेवा. स्वतःच्या अंगठ्याने नाडी बघू नका. अंगठ्यातही ठोका जाणवतो आणि आपलाच मोजला जातो. फार दाबलं तर नाडी बुजते. मानेवर बघायची वेळ आली तर एकाच बाजूला, हलक्या हाताने.

आता मोजायच्या आधी दुसऱ्या हाताने मांडीवर ठोक्यागणिक थाप द्या, भजनात टाळ धरतो तशी. पुढची थाप कधी पडणार हे हाताला आधीच कळत असेल तर ताल नियमित आहे. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. हात चुकत असेल तर पूर्ण मिनिट मोजा.

मोठ्या माणसात बसल्या जागी ६० ते १०० ठोके सामान्य. तापात दर अंश सेल्सिअसला साधारण दहा वाढतात. तरुणांत श्वास घेताना नाडी किंचित जलद, सोडताना मंद होते, तो दोष नव्हे. मधेच एक ठोका गळून पुढचा जोरात आला, तर तो बहुधा वेळेआधी पडलेला जादा ठोका असतो. क्वचित होत असेल तर घाबरू नका. वारंवार होत असेल तर ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत आलेख, काढा.

खरी काळजी वेगळ्या नाडीची. दोन ठोके जवळ, एक लांब, एक जोरदार, एक पुसट, आणि कुठलाच क्रम हाती लागत नाही, अशी नाडी असेल तर एट्रियल फिब्रिलेशनची शंका घ्या. यात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. यात काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत. स्टेथोस्कोपने छातीवर १२० आणि मनगटावर ९५, असंही होतं. म्हणून बीपी मशीन किंवा बोटाच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा इथे फसवतो. ईसीजीच्या पट्टीत दोन उंच टोकांमधलं अंतर सारखं बदलतं आणि त्यांच्याआधीची छोटी पी लहर दिसत नाही. दहा सेकंदांच्या पट्टीतली टोकं मोजून सहाने गुणा. ताल नियमित असेल तर ३०० ला दोन टोकांमधल्या कागदावरच्या मोठ्या चौकोनांच्या संख्येने भागलं तरी चालतं.

अंगमेहनतीची सवय असलेल्यांची किंवा मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या नाडी मंद करणाऱ्या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी ५०-५५ असू शकते. चक्कर नसेल तर ठीक. गोळी मात्र मनाने बंद करू नका. कपाशीवर फवारणी केल्यावर नाडी मंद, तोंडाला लाळ, अंगाला घाम आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या, तर विषबाधा समजा. नाडी जलद असली तरी बाकी लक्षणं पुरेशी आहेत. लगेच दवाखान्यात न्या आणि फवारणीच्या औषधाचा डबा बरोबर घ्या. बिट्टीची (पिवळ्या कण्हेरीची) बी खाल्ली तरी हृदयाचे ठोके मंदावतात.

रावेर-यावलकडे केळी घरचीच, पण मूत्रपिंड अधू असलेल्याने ती डॉक्टरांना विचारूनच खावीत. रक्तात पोटॅशियम साठलं की हृदयाचा ताल बिघडतो.

बसल्या जागी १५० च्या वर किंवा ४० च्या खाली नाडी. धडधडीबरोबर छातीत दुखणं, दम लागणं, शुद्ध हरपणं. तोंड वाकडं होणं किंवा एक हात लुळा पडणं, यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा.

माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर नाडी शोधत बसू नका. १०८ लावायला कुणाला तरी सांगा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून ५-६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब द्यायला लागा.