दिवाळीनंतर बॉडी, पावसाळ्यात नेक: कोल्हापुरात हाताने गिटार बांधताना

गिटार पडून जितकी तडकते त्याहून जास्त ऋतू बदलून तडकते. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात हवेतला ओलावा 80 टक्क्यांच्या वर असतो आणि मार्चच्या दुपारी तो तिशीच्या आसपास उतरतो. एवढ्या फरकात 380 मि.मी. रुंदीचा स्प्रूस लाकडाचा टॉप (गिटारची पुढची फळी) नसांच्या आडव्या दिशेने सुमारे 5 मि.मी. आकसू पाहतो. आतले ब्रेस, म्हणजे टॉपला आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या, लांबीत आकसत नाहीत, ते टॉपला धरून ठेवतात, आणि मग ताणाला वाट एकच उरते: चीर.

म्हणून टॉप-बॅकला ब्रेस चिकटवणं आणि बॉडी बंद करणं ही कामं 45 ते 50 टक्के ओलाव्यातच करा. आपल्याकडे त्यासाठी दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. साचे करणं, नेकला (गिटारच्या दांडीला) आकार देणं, ही कामं पावसाळ्यात उरकून घ्या. हायग्रोमीटर स्वस्त असला तरी चालेल, पण आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याने फक्त ओलसर करा, मीटरसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी आकडा 75 हवा. 70 दिसला तर पुढच्या प्रत्येक वाचनात 5 मिळवा.

लाकूड. बॅक आणि साइडसाठी शिसव. टिंबर मार्केटमध्ये शिसव आणि उत्तरेकडचं शिसम या दोन्हींना सर्रास एकच नाव लावतात. शिसव जांभळट-तपकिरी आणि जड असतं, शिसम सोनेरी-तपकिरी. गिटार दोन्हींची होते, पण पैसे शिसवाचे मोजत असाल तर एका कोपऱ्यावर रंधा मारून आतला रंग बघूनच घ्या. फळी उभ्या नसांची निवडा: टोकाकडून पाहिल्यावर रेषा पृष्ठभागाला काटकोनात दिसल्या पाहिजेत. नेकसाठी महोगनी किंवा तून. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती वाद्यं तुनाचीच. स्पॅनिश गिटारच्या नेकचं सीडरही तुनाच्याच कुळातलं. मात्र स्टीलच्या सहा तारांचा ताण 70 किलोच्या पुढे जातो, त्यामुळे तुनाचा वजनदार तुकडा निवडा आणि ट्रस रॉड (नेकच्या आत बसणारी, तिचा बाक सुधारणारी सळई) दोन्ही बाजूंनी फिरणारा बसवा. सागवान तेलकट असतं. वापरलंच तर गोंद लावण्याआधी ॲसिटोनने पुसा.

पहिल्या गिटारसाठी मध्यम माप बरं: बॉडीची लांबी 492, खालची रुंदी 381, वरची 286, खोली खाली 105 आणि नेकपाशी 86 मि.मी., साउंडहोलचा व्यास 100, नेक-बॉडीच्या सांध्यावर 14 वा फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी). स्केल, म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी, 645 मि.मी. धरला तर पहिला फ्रेट नटपासून (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) 645 भागिले 17.817, म्हणजे 36.20 मि.मी. वर येतो. उरलेल्या 608.80 ला पुन्हा 17.817 ने भागा, 34.17 येतील, आणि असंच पुढे. बारावा बरोबर 322.5 वर आला की हिशोब जुळला. खुणा करताना मात्र प्रत्येक अंतर नटपासूनच मोजा. एका फ्रेटपासून दुसऱ्यापर्यंत मोजत गेलात तर केसभर चूक साठत साठत वरच्या पट्टीत बेसूर होते.

साइड 2 मि.मी. पर्यंत उतरवा. वाकवण्यासाठी 50 मि.मी. व्यासाची जाड पाइप लागते. हीटर बसवून ती शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये होईल. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो न पसरता उडून गेला की पाइप तापली. शिसव भिजत घालू नका, नुसतं ओलं फडकं फिरवा. जास्त पाण्याने पृष्ठभागावर लाटा उठतात. आधी कंबर वाकवा. घाई नको: अर्ध्या मिनिटाने लाकूड हाताखाली सैल पडल्याचं स्पष्ट कळतं, त्याआधी जोर लावला की नस उचकटते.

टॉप मध्यभागी 2.8, खालच्या कडेकडे 2.4 मि.मी. हा आकडा सुरुवातीचा, शेवटचा नव्हे. फळी दोन्ही हातांत धरून आडवी वाकवून बघा. पत्र्यासारखी ताठ असेल तर अजून उतरवा. मुख्य ब्रेस इंग्रजी एक्ससारखे, साधारण 98 अंशांत, साउंडहोलच्या कडेपासून 30 मि.मी. खाली छेदणारे, रुंदी 8, छेदापाशी उंची 14. खालचे पाय ब्रिजच्या (टॉपवर तारा अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या) टोकांखालून गेले पाहिजेत. ब्रेसची टॉपला चिकटणारी कड 8 मीटर त्रिज्येच्या कमानीत घासा. ही कमान म्हणजेच उन्हाळ्यातली शिल्लक: लाकूड आकसलं तर टॉप आधी सपाट होतो, लगेच फाटत नाही.

ब्रेस दाबायला महागडे क्लॅम्प नकोत. टेबलावर 60 सें.मी. उंचीवर भक्कम फळी बसवा आणि बांबूच्या 61-62 सें.मी. कामट्या वाकवून मध्ये अडकवा. दर 5-6 सें.मी. वर एक. कामटी सरळ होऊ पाहते आणि ब्रेस सारखा दाबला जातो. गोंद म्हणून सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद) आजही सर्वांत चांगला: रात्रभर भिजवून, दुहेरी भांड्यात 60 ते 63 अंशांवर. 70 च्या वर गेला की ताकद जाते. नेहमीचा पांढरा गोंद ब्रिजखाली वापरू नका. उन्हात उभ्या गाडीत तो मऊ पडतो आणि ब्रिज हळूहळू पुढे सरकतो.

नेकचा कोन ठरवताना फ्रेटवर सरळ पट्टी ठेवा. तिचं टोक ब्रिजच्या माथ्याला जेमतेम टेकावं. खाली गेलं तर पुढे सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) घासून संपतो तरी तारा उंचच राहतात, आणि मग नेक काढण्याशिवाय इलाज नसतो. सॅडल तिरका असतो: पातळ तारेला स्केलपेक्षा 2, जाड तारेला 5 मि.मी. मागे.

पॉलिशला चपडा आणि स्पिरिट, पण पावसाळी हवेत नको, पांढरट झाक येते. ब्रिजखालचं पॉलिश पूर्ण खरवडून नुसत्या लाकडावर सरस लावा आणि 24 तास तार चढवू नका. तारा चढल्यावर ब्रिजमागे टॉप थोडा फुगतो, ते अपेक्षितच आहे. त्यामुळे बाराव्या फ्रेटवरची उंची, जाड तारेला 2.4 आणि पातळ तारेला 1.8 मि.मी., पहिल्या दिवशी नव्हे तर आठवडाभर सुरात ठेवल्यावर पक्की करा.