संगीत नाटकाला ऑर्गन आणि देवळात भजन, या लाईनीत येणाऱ्यांसाठी

हार्मोनियमच्या परीक्षा दिल्यात, चार ठिकाणी साथ केलीत आणि आता गावच्या जत्रेच्या नाटकाला ऑर्गनवर बसायचं बोलावणं आलंय, अशा पोरापोरींसाठी हे लिहितोय. काळी दोन कुठली (पेटीवरच्या सुरांची, म्हणजे पट्ट्यांची, नावं अशीच असतात), झपताल किती मात्रांचा, हे येतं असं धरून चालतो. गोव्यात हे काम अजून आहे. फोंडा, डिचोली, पेडणे, काणकोण, कुठेही जा, देवळाच्या उत्सवाला नाटक होतं, कला अकादमीची संगीत नाटकांची स्पर्धा असते, भजन स्पर्धा असते, श्रावणात सप्ते असतात, आणि ऑर्गनवर बसू शकणारी माणसं मात्र गावागणिक एखादंच, तेही साठीच्या पुढचं. म्हणजे काम मिळेल. त्यावर घर चालेल का, ते पुढे सांगतो.

आधी पायांबद्दल बोलतो, कारण माझी सगळ्यात जास्त वर्षं यातच वाया गेली आणि मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

ऑर्गन म्हणजे मोठी पेटी नव्हे. पेटीत भाता हवा बाहेर ढकलतो आणि ती रीडमधून, म्हणजे सूर काढणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांमधून, जाते. पायाच्या ऑर्गनमध्ये बहुतेक उलटं असतं, पेडल दाबलं की आतली हवा उपसली जाते आणि बाहेरची हवा रीडमधून आत ओढली जाते. आत हवेचा साठा सांभाळणारा मोठा भाता असतो, तुमचे पाय तो साठा राखतात, सूर थेट पायातून येत नाही. आता पेटीवर आपल्याला काय सवय असते, डावा हात भात्यावर, समेवर थोडा झटका, तिहाईला जोर, आणि ते छानच वाटतं. तीच सवय पायात उतरते. तबला सुरू झाला की पाय ठेक्यात चालायला लागतात आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही.

मग काय होतं बघा. पद दुगुनीत गेलं की पाय दुगुनीत, पोटऱ्या भरून येतात, पेडलची धपधप समोरच्या माईकमधून अख्ख्या मांडवात. समेवर सूर फुगतो, खालीला बसतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे नट पदाच्या आधी आलाप घेतो तेव्हा तबला गप्प असतो, ठेका नाही म्हणून तुमचे पायही थांबतात, साठा संपतो आणि षड्ज हळूहळू खाली बसतो, नेमका तेव्हाच जेव्हा त्या माणसाला तुमच्याशिवाय दुसरा कसलाच आधार नाही. नट गोंधळतो, सूर सोडतो, आणि पडद्याआड सगळे म्हणतात आज त्याचा आवाज लागला नाही. आवाज त्याचा लागला होता हो, तुमचे पाय थांबले होते.

मला यातून बाहेर काढलं ते आमच्या वाड्यापलीकडच्या इगर्जीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, कॉयरमास्तरांनी. तेही रीड ऑर्गनच वाजवायचे. त्यांनी मला काही वाजवूच दिलं नाही. डाव्या हाताने षड्ज-पंचम धर, म्हणाले, आणि पाय आलटून पालटून, सावकाश, पूर्ण खालपर्यंत, आणि माझ्याशी बोल. घरचं, शाळेचं, काहीही. बोलता बोलता पाय अडखळले की सूर लगेच हलायचा. मग त्यांनी टेबलावर बोटांनी वेगवेगळ्या लयी वाजवायला सुरुवात केली. पाय बदलले की परत पहिल्यापासून. हा रियाज तुम्ही घरी करू शकता, मोबाईलवर तबल्याचं ॲप लावा, आधी दादरा, मग झपताल, मग द्रुत तीनताल, सूर एकच आणि पायांची चाल तीच. नंतर स्टॉप, म्हणजे पुढे ओढायच्या खुंट्या, ओढून बघा, जास्त स्टॉप म्हणजे जास्त रीड, म्हणजे हवा जास्त लागणार, तेवढ्यापुरतेच पाय वाढवायचे. जोर हवा असेल तर गुडघ्याने ढकलायची दांडी आहे ना, ती त्यासाठीच आहे. पायांनी जोर काढू नका. परत सांगतो, पायांनी जोर काढू नका. आणि घाबरू नका, नियमाने केलंत तर हे सुटतं, माझ्यासारख्या हट्टी माणसाचं सुटलं तर तुमचंही सुटेल.

दुसरं, ट्रान्सपोजचं बटण, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं. कीबोर्डवर शिकलेली मुलं सगळं पांढरी एकमध्ये वाजवतात आणि बटण दाबून मोकळी होतात. नाटकात नायक काळी एकमध्ये गातो आणि लगेच पुढच्या पदाला नायिका काळी चारमध्ये, ऑर्गनवर बटण नाही. बाराही पट्ट्यांत बोटं फिरली पाहिजेत, याला पळवाट नाही, आणि जो क्लासवाला सहा महिन्यांत नाट्यसंगीत शिकवतो म्हणतो त्याच्याकडे पैसे भरू नका.

गुरू कसा बघावा यावर माझं मत ठाम आहे. नावाजलेला नसला तरी चालेल, पण तुम्हाला सोबत नाईटला, म्हणजे नाटकाच्या प्रयोगाला, नेणारा हवा. आमच्या बोरीत जन्मलेले पं. तुळशीदास बोरकर बघा, जन्म १९३४, २०१६ साली पद्मश्री. पी. मधुकरांकडे ते पेटी शिकले, पण संगीत नाटकातले गायक-नट छोटा गंधर्व यांचा सहवासही त्यांना मिळाला, आणि गाणाऱ्या माणसाशेजारी बसून जे मिळतं ते क्लासच्या वहीत मिळत नाही. स्वतः गायला शिका. गाता येत नाही त्याला गवय्या श्वास कुठे घेणार हे कळत नाही, आणि साथ म्हणजे निम्मं तेच आहे. परीक्षांना मी नावं ठेवत नाही, विशारदचा कागद शाळेतल्या नोकरीला लागतो, तेवढ्यासाठी द्याच.

आता भजन. पेटीवाला म्हणजे गावच्या मंडळाचा अर्धा बुवाच असतो. सूर ठरवताना मुख्य गायकाचं ऐकू नका, मागे झील धरणाऱ्यांचं, म्हणजे साथीला गाणाऱ्यांचं, बघा. बुवाला काळी तीन हवी असते, त्यात तो चमकतो, पण मागे दिवसभर काम करून आलेली माणसं असतात, गौळणीपर्यंत त्यांचे घसे बसतात. आणि हे पखवाज लावण्याच्या आधी ठरवा. पखवाजवाल्याने डाव्या बाजूला कणीक थापली, गठ्ठे ठोकून सूर मिळवला, आणि मग तुम्ही अर्धा सूर खाली या म्हणालात तर तो चिडणारच, आणि बरोबरच आहे त्याचं. टाळवाले लय चढवतातच, त्यांच्याकडे डोळे वटारून काही होत नाही, मुखडा स्पष्ट आणि थोडा अडवून वाजवा, मंडळी खाली येतात. नवीन असाल तर वास्कोच्या दामोदर सप्ताहाला जाऊन बसा, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो, चोवीस तास अखंड भजन. पहाटेच्या पाळीला गर्दी कमी असते, तेव्हा पेटीवाल्याच्या अगदी बाजूला बसता येतं, कुणी उठवत नाही.

पैशांचं सरळ सांगतो. फक्त नाईट आणि भजनावर घर चालत नाही. नाटकांचा सीझन साधारण दिवाळीनंतर मे पर्यंत, पावसात नाटकं जवळजवळ बंद, तेव्हा शिकवण्या. माझ्या ओळखीतले बहुतेक जण शाळेत शिकवतात नाहीतर सरकारी नोकरी करून हे करतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण मानधन आधी ठरवा, तालमींचे वेगळे सांगा. देवाचं काम आहे म्हणून तुम्हाला फुकट बसवणारी कमिटी मंडपवाल्याला आणि लाईटवाल्याला रोख देते, मग तुम्ही मागायला लाजायचं कारण नाही. मुलींना खास सांगतो, रात्री उशिरा सुटतं म्हणून घरचे नको म्हणतात, तर येण्याजाण्याची गाडी मानधनातच ठरवून घ्या. आमच्याकडे एक मुलगी असंच करते आणि तिला आता नको म्हणायला कुणी धजत नाही.

आणि नाटकाच्या दिवशी दुपारीच देवळात जा. ऑर्गन बहुतेक वर्षभर स्टोअरमध्ये, पावसाळ्याची ओल खाऊन पडलेला असतो. प्रत्येक पट्टी एकेक दाबून बघा, ओलीने फुगलेली पट्टी खाली अडकून राहते आणि तो सूर मग अख्खं पद वाजत राहतो. पेडलचे पट्टे ओढून बघा, कुजलेले असतील तर नवा पट्टा बांधायला संध्याकाळपर्यंत वेळ मिळतो. स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश, थोडी मजबूत दोरी आणि टॉर्च पिशवीत ठेवा, तिथे मागाल तर मिळणार नाही.