परड्यात नाना जातींची फळझाडं लावताय? बेळगाव भागात या चुका टाळा

मार्च-एप्रिलमध्ये झाडाने माना टाकल्या की आपण उन्हाला दोष देतो आणि पाण्याची बादली घेऊन धावतो. बेळगाव-खानापूर पट्ट्यात त्या झाडाचं दुखणं बहुतेक वेळा आधीच्या जुलै-ऑगस्टमध्येच सुरू झालेलं असतं. पावसाळाभर मुळं पाण्यात कुजली, थंडीत झाडाने अंगातल्या साठ्यावर दिवस काढले आणि उन्हाळ्यात पानांनी पाणी मागितलं तेव्हा ते ओढून द्यायला मुळंच उरली नव्हती.

घरामागे चार-पाच गुंठे असोत की टिळकवाडीतल्या बंगल्याभोवतीची पट्टी, नाना जातींची फळझाडं लावण्याची हौस आपल्याकडे वाढते आहे. आंबा, फणस, चिकू, पेरू पूर्वीपासून होतेच. आता बटर फ्रूट (अवोकाडो), रामबुतान, मँगोस्टीन, मामफळ, ड्रॅगन फ्रूटही आली. हौस चांगलीच आहे, वाढू द्या. पण सगळ्या झाडांना एकच खड्डा, एकच पाणी आणि एकच खत दिलं की निम्मी झाडं जातात. आपल्या जिल्ह्यात तर हे अजिबात चालत नाही. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीत वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या अथणीत पाचशे-सहाशेवर भागवावं लागतं. खानापूरला जांभ्याची तांबडी माती, गोकाक-अथणीकडे काळी. त्यामुळे कोकणातल्या पाहुण्यांनी सांगितलेला उपाय जांबोटीत लागू पडेल, चिकोडीत तो झाडाच्या मुळावर येऊ शकतो.

जांभ्यातला खड्डा म्हणजे हौद

पुस्तकात लिहिलेलं असतं, तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा घ्या आणि शेणखत-मातीने भरा. जांभ्याच्या कातळात असा खड्डा घेतला की चारी बाजूंना दगड आणि मध्ये भुसभुशीत माती राहते. मिरगाचा पाऊस सुरू झाला की आजूबाजूचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर जायला वाट मिळत नाही. लावण्याआधी एक साधी परीक्षा करा. रिकाम्या खड्ड्यात काठोकाठ पाणी भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाला दिसत असेल तर तिथे तसंच झाड लावू नका. पहारीने तळ फोडा, उताराच्या बाजूला चर काढून पाण्याला वाट द्या. तेही जमत नसेल तर खड्ड्याचा नाद सोडून दीड-दोन फूट उंच आणि पाच-सहा फूट रुंद मातीचा उंचवटा करा आणि झाड त्यावर लावा.

याहून फसवी जागा म्हणजे भाताच्या रानात पडलेले प्लॉट. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या भाताची चिखलणी झाली. तिने वीतभर खाली मातीचा घट्ट थर बसतो. भाताला तो हवाच असतो, कारण पाणी धरून ठेवायचं असतं. आता वर घर बांधलं, चार ट्रॉल्या तांबडी माती पसरली, तरी खालचा थर तसाच राहतो. वरची माती मऊ लागते म्हणून आपण निश्चिंत असतो. बळ्ळारी नाल्याच्या काठच्या शिवारात तर पाणी दिवसचे दिवस हटत नाही. अशा ठिकाणी बटर फ्रूट, पपई आणि लिंबू उंचवट्याशिवाय लावूच नयेत. नारळ, जांभूळ, पांढरे जाम ही झाडं थोडा ओलावा सोसतात, त्यांच्यापासून सुरुवात करा.

बटर फ्रूटबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे याच झाडावर वाया जातात. त्याची अन्न शोषणारी मुळं वरच्या फूटभर मातीत असतात आणि फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू साचलेल्या पाण्यात त्यांच्यावर तुटून पडतो. माती ओली असताना पानं मलूल होऊन लोंबत असतील तर पाणी देऊ नका. बुंध्यापासून दोन फुटांवर माती हलक्या हाताने उकरून बारीक मुळं पाहा. निरोगी मूळ पांढरट असतं आणि वाकवलं तरी तुटत नाही. कुजलेलं मूळ काळं पडतं आणि बोटात धरताच मोडतं. बरीचशी मुळं काळी दिसली तर आधी पाण्याचा निचरा करा. औषधाची आळवणी, म्हणजे ते मुळाशी ओतणं, त्यानंतरची गोष्ट आहे, निचऱ्याशिवाय तिचा उपयोग नाही.

लावणीची वेळही भागानुसार वेगळी हवी. अथणी-गोकाककडे जून-जुलै ठीक आहे. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला मात्र ऐन मुसळधार पावसात कोवळं कलम लावण्यात अर्थ नाही. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरमध्ये लावा आणि पहिला उन्हाळा पाण्यावर काढा.

ठिबकची एकच लाईन

सगळ्या झाडांना एकच नळी आणि एकच कॉक, त्यामुळे रोज सारखंच पाणी. केळी खूश असते, आंबा मात्र मोहरत नाही. मोठ्या आंब्याला मोहर येण्यासाठी पावसाळ्यानंतर कोरडा ताण आणि थंडी लागते. ऑक्टोबरपासून त्याचं पाणी तोडायचं असतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये केळीबरोबर त्यालाही पाणी मिळत राहिलं, वर दिवाळीत युरिया पडला, तर मोहराऐवजी तांबूस कोवळी पालवी फुटते आणि वर्ष वाया जातं. फळं वाटाण्याएवढी झाली की मग पाणी सुरू करा.

म्हणून झाडं लावतानाच त्यांचे पाण्याप्रमाणे गट करा. आंबा, सीताफळ, चिंच, आवळा, बोर एका कॉकवर घ्या. केळी, पपई, नारळ, जाम दुसऱ्यावर. रामबुतान आणि मँगोस्टीन यांना कोरडी हवा सोसत नाही. ती तिसऱ्या कॉकवर, मोठ्या झाडाच्या आडोशाला ठेवा. मँगोस्टीनच्या रोपाला पहिली काही वर्षं निम्मी सावली लागतेच. मार्चमधल्या कोरड्या वाऱ्याने रामबुतानच्या पानांच्या कडा करपतात, तो रोग नव्हे. माझं स्पष्ट मत आहे की ही दोन झाडं खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात जरूर लावून पाहावीत. अथणी-रायबागकडच्यांनी तीच जागा सीताफळ, डाळिंब आणि अंजिराला द्यावी. तिथे ती फळं जशी गोड होतात तशी घाटमाथ्यावर होणार नाहीत.

लिंबाच्या खोडाला तर पाणी लागताच कामा नये. बुंध्याभोवती मातीचा छोटा गोल चढ करून पाणी बाहेरच्या आळ्यात द्या. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर दोन फूट उंचीपर्यंत खोडाला बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळे भिजवून एकूण एक लिटर पाण्यात एकत्र करायचे, तेही प्लास्टिकच्या भांड्यात. लोखंडी बादली वापरू नका.

कलम आणलं, वाढलं भलतंच

चिकूचं कलम बहुधा रायणी या दुसऱ्या झाडाच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपावर, बांधलेलं असतं. लावल्यानंतर दोन वर्षांत झाड जोमाने वाढतं, घरचे खूश होतात, पण फळ काही येत नाही. अशा झाडाजवळ खाली बसून पानं नीट पाहा. चिकूचं पान दोन्ही टोकांना निमुळतं असतं. रायणीचं पान टोकाकडे रुंद होत जातं आणि शेंड्याला मध्ये छोटी खाच असते. जोडाच्या खालून फुटलेल्या फांदीने चिकूला केव्हाच मागे टाकलेलं असतं. असे फुटवे नखाएवढे असतानाच खुडायचे. आंब्याच्या कलमालाही हेच लागू आहे. लावताना जोड जमिनीच्या वर वीतभर तरी राहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट जोडावरच्या प्लास्टिकच्या पट्टीची. ती काढायची राहून जाते. खोड जाड होतं आणि पट्टी आत रुतत जाते. जोडाच्या वर गाठ आलेली दिसली तर लगेच उभा काप देऊन पट्टी सोडवा. नाहीतर एप्रिल-मेच्या वळिवाचा एक झोत आला की झाड नेमकं तिथेच मोडतं.

रस्त्यावरच्या गाडीवर छोट्या पिशवीत पाच फूट उंचीचं, एखादं फळ लटकलेलं रोप दिसलं तर मोह आवरा. त्याची मुळं पिशवीत गोल गोल गुंडाळलेली असतात आणि जमिनीत गेल्यावरही तशीच राहतात. दीड-दोन फुटांचं ताजं कलम अशा रोपाला पाच वर्षांत मागे टाकतं. जात काय, खुंट कुठला आणि कलम कधी बांधलं, या तीन प्रश्नांची उत्तरं देणाऱ्याकडूनच घ्या. गोकाकजवळ अरभावीला बागायत महाविद्यालय आहे, कोकणात दापोलीचं कृषी विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी जातीची खात्री असते.

जागा कमी असेल तर आम्रपाली आंबा सुचवला जातो. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून १९७१ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तो काढला. झाड ठेंगणं राहतं हे खरं, पण फळ उशिरा, ऐन पावसात तयार होतं. बेळगावच्या पावसात ते माशीला आणि काळ्या डागांना बळी पडतं. लावलात तर फळांना कागदी पिशव्या घालायची तयारी ठेवा.

मोठी होणारी झाडं, म्हणजे फणस, जांभूळ, रायवळ आंबा, उत्तर आणि पश्चिमेच्या कडेला लावा. हिवाळ्यातलं ऊन दक्षिणेकडून येतं, मग लहान झाडांवर फारशी सावली पडत नाही.

पिवळं पान म्हणजे खत कमी, असं नाही

नवं पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर ती लोहाची कमतरता आहे. पूर्वेकडच्या चुनखडीच्या जमिनीत आणि जड बोअरच्या पाण्यावर हे हमखास दिसतं. मातीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. अशा वेळी शेणखत किंवा युरिया वाढवून काही होत नाही. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून सकाळी लवकर फवारा, आणि छतावरचं पावसाचं पाणी साठवून रोपांना देता आलं तर द्या. जुनं पान सगळंच फिकट होत असेल तर नत्र कमी आहे. झाडाची सगळीच पानं पिवळट पडली आणि माती ओली असेल तर पुन्हा मुळांकडे पाहा.

खत बुंध्याशी ओतू नका. खाणारी मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, तिथे चर काढून द्या. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. कच्च्या शेणाबरोबर मुळं खाणारी हुमणी अळी येते आणि खानापूरच्या लाल मातीत वाळवीही मागोमाग असतेच.

रोग नसलेला रोग

“फणस लहानपणीच काळा पडून गळतोय, काय फवारू?” दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये हा प्रश्न येतो. गळतात ती बहुधा नर फुलं. बोटाएवढी बारीक, पातळ देठाची, फांद्यांच्या टोकाकडे येणारी. परागकण सोडून झाले की त्यांच्यावर काळी बुरशी धरते आणि ती पडतात. त्यांचं काम संपलेलं असतं. खोडावर आणि जाड फांद्यांवर, जाड देठाला लागलेली कुयरी शाबूत असेल तर काहीही फवारू नका. खाली पडलेली नर फुलं तेवढी गोळा करून झाडापासून दूर टाका.

सीताफळाची एप्रिल-मेमधली फुलंही अशीच गळतात, कोरड्या हवेमुळे. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की फळ धरतं. एक-दोनच झाडं असतील तर हाताने परागीकरण करून पाहा. पूर्ण उमललेल्या फुलातले परागकण संध्याकाळी डबीत झाडून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाकळ्या नुकत्या किलकिल्या झालेल्या फुलाच्या आत बारीक कुंचल्याने लावा. फळ भरीव आणि सगळ्या बाजूंनी सारखं होतं.

पेरूत अळी

पावसाळ्यात पिकणाऱ्या पेरूत फळमाशीची अळी असतेच. औषधापेक्षा बहार बदलणं सोपं आहे. झाड तीन वर्षांचं झालं की एप्रिलच्या मध्यापासून पाणी बंद ठेवा, पानं गळली तरी घाबरू नका, मेअखेर हलकी छाटणी करा. पावसाबरोबर मृग बहाराची फुलं येतात आणि फळं थंडीत निघतात. तेव्हा माशी कमी असते आणि गोडीही जास्त येते. मिथाइल युजेनॉलचा (माशीला वासाने ओढणाऱ्या द्रव्याचा) सापळा लावाल तर एवढं लक्षात असू द्या की त्यात फक्त नर माश्या अडकतात. गळालेलं प्रत्येक फळ उचलून दोन फूट खोल पुरलं नाही तर सापळा एकटा पुरा पडत नाही.

झाड निरोगी, फळ मात्र नाही

इथे झाडाचं लिंग पाहावं लागतं. देशी पपईत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. म्हणून एका आळ्यात दोन-तीन रोपं लावा. लांब लोंबत्या देठावर फुलांचे झुबके येतात तो नर. बागेत एखादा ठेवून बाकीचे काढा. बटर फ्रूटमध्ये ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन गट आहेत. एका गटाची फुलं सकाळी मादी असतात, दुसऱ्याची दुपारी. दोन्ही गटांचं एकेक झाड असलं की फळधारणा सुधारते.

सगळ्यात जास्त वाट पाहायला लावतो तो रातांबा, म्हणजे कोकम. बियांपासून केलेली निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात. फूल हातात घेऊन पाहा. मध्ये छोटा गोल फुगीर भाग असेल तर ते मादीचं, नुसत्या पिवळसर पुंकेसरांचा गोळा असेल तर नराचं. नवीन लावणार असाल तर कोकण अमृतासारख्या जातीचं मृदकाष्ठ (कोवळ्या काडीचं) कलमच आणा, आणि ते सरळ वाढणाऱ्या शेंड्याच्या काडीचं आहे ना ते विचारा. आडव्या फांदीच्या काडीचं कलम जमिनीलगत पसरत जातं. आहे ते नर झाड तोडायची गरज नाही. फांद्या छाटून नव्या फुटव्यांवर मादी झाडाची काडी बांधता येते, फक्त परागासाठी एक फांदी नराचीच ठेवा.