सर्व्हर पाडण्याआधी तो मंद करून बघा

केऑस इंजिनिअरिंग (यंत्रणेत मुद्दाम बिघाड घडवून ती टिकते का ते बघणं) म्हटलं की नेटफ्लिक्सचं केऑस मंकी, म्हणजे चालू सर्व्हर अचानक बंद करणारं साधन, आठवतं आणि पहिल्याच दिवशी सर्व्हर बंद करायची हौस येते. पण बंद पडलेला सर्व्हर लगेच कळतो. घात करतो तो जिवंत राहून रेंगाळणारा. म्हणून सुरुवात विलंबाने करा.

समजा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या दूध संकलन केंद्रांसाठी तुमची प्रणाली आहे: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) टाकलं की पावती. निरोगी अवस्था आधी आकड्यात लिहा, उदा. 99 टक्के पावत्या 1 सेकंदाच्या आत. मग अंदाज: डेटाबेसकडची वाट 300 मिलिसेकंदांनी लांबली तरी पावती 2 सेकंदांत निघेल. चुका 1 टक्क्यावर गेल्या की प्रयोग बंद, हेही आधीच ठरवा. वेळ दुपारची, सकाळ-संध्याकाळच्या संकलनात हात लावायचा नाही. आधी चाचणीच्या यंत्रणेवर, नंतर खऱ्यातल्या एकाच ॲप सर्व्हरवर.

लिनक्सवर नेटवर्कची वाहतूक नियंत्रित करणाऱ्या टीसी कमांडमधलं नेटेम (कृत्रिम विलंब लावणारी सोय) वापरा. फिल्टर लावून फक्त डेटाबेसच्या आयपीकडे जाणारी पॅकेट्स लांबवा, नाहीतर तुमचं एसएसएचही (सर्व्हरवर दुरून काम करायची जोडणी) रेंगाळेल. विलंब लावण्यापूर्वीच, 5 मिनिटांनी तो आपोआप काढणारी कमांड बॅकग्राउंडला सोडून ठेवा. आणखी एक खोच: नेटेमची रांग मुळात 1000 पॅकेट्सची असते. वाहतूक जास्त असली की ती भरते, पॅकेट्स गळतात आणि तुम्ही विलंबाऐवजी गळती मोजत बसता. लिमिट वाढवा.

आता कनेक्शन पूल, म्हणजे डेटाबेसकडे उघडून ठेवलेल्या ठरावीक जोडण्यांचा साठा, बघा. 20 कनेक्शन्स आणि 50 मिलिसेकंदांची क्वेरी असेल तर सेकंदाला 400 क्वेऱ्या निभतात. तीच क्वेरी 2 सेकंदांवर गेली की फक्त 10. बाकीच्या रांगेत, सीपीयू मात्र निवांत. म्हणून डॅशबोर्ड हिरवाच दिसतो. टाइमआउट (किती वेळ वाट पाहायची याची मर्यादा) नसेल तर इथेच कळतं.

रिट्राय, म्हणजे फसलेली विनंती पुन्हा पाठवणं, त्याहून वाईट. ॲप, गेटवे आणि सेवा प्रत्येकी 3 प्रयत्न करत असतील तर एका पावतीमागे डेटाबेसवर 27 वार. रिट्राय एकाच थरात ठेवा, प्रत्येक वेळी अंतर वाढवा, त्यात थोडा यादृच्छिकपणा घाला. पावतीचा क्रमांक केंद्रावरच तयार होऊ द्या, म्हणजे दुबार आलेली नोंद सर्व्हर ओळखेल.

हे जमलं की पुराची तालीम. 2019 आणि 2021 साली पंचगंगेच्या पुरात काय झालं ते जिल्ह्याला माहीत आहे. चाचणीतल्या केंद्रांचं इंटरनेट 2 तास तोडा, पावत्या स्थानिक साठ्यात जातात का बघा आणि सगळी केंद्रं एकदम जोडा. खरी कसोटी त्या पहिल्या मिनिटात असते. शेवटी प्रत्येक केंद्राचे एकूण लिटर सर्व्हरच्या बेरजेशी ताडून पाहा. नुसती पावत्यांची संख्या जुळून भागत नाही.